घरचीच माणसं

४ ऑगस्ट

थोरलीने आज पुन्हा फोनवर बजावलं, "बाबा, बोलायला कोणी नसेल तर लिहा. आत कोंडून ठेवू नका." लेक लांब राहते. तिला वाटतं, बाप दिवसभर भिंतीकडे बघत बसत असेल. बसतोच, पण तिला कशाला सांगा.

तर लिहितो. माझा मुलगा गेला. रस्त्याने चालताना छातीत कळ आली म्हणून फुटपाथवर टेकला, तो उठलाच नाही. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. माझी सत्तरी केव्हाच उलटली, दोन्ही गुडघे वाजतात, पण मला काही होत नाही. ह्यात न्याय कुठला, ते कुणीतरी सांगावं.

घरात आम्ही त्याला घुम्या म्हणायचो. शाळेतून आला की "आज काय झालं रे?" "काही नाही." मारामारीत दात पडला तरी "काही नाही." त्याची आई म्हणायची, ह्याच्या पोटातलं बाहेर काढायला डॉक्टरच बोलवावा लागेल. आणि बाप हा असा, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, एक बोलणारा आणि एक ऐकणारा. आता बोलायचं कुणाशी, हा माझा खरा प्रश्न आहे.

८ ऑगस्ट

स्टुडिओ उघडला. एक कॉलेजातली मुलगी पासपोर्ट फोटोसाठी आली. "हनुवटी जरा खाली, खांदे सैल," एवढं म्हणेपर्यंत माझाच आवाज फुटला. ती बिचारी घाबरून उठून उभी राहिली. म्हटलं, बस बाळ, मला सर्दी झाली आहे.

मागची खोली त्याची. टेबल, दोन खुर्च्या, बारीक बारीक स्क्रूड्रायव्हर, उघडून ठेवलेले फोन. लोक यायचे, दार लावून बसायचे आणि जाताना डोळे पुसत जायचे. मी आपला समजत होतो की फोन दुरुस्तीचा धंदा बरा चाललाय. फोन बिघडला म्हणून माणसं रडतात का, हे मला कधी सुचलं नाही. मग एकदा वकीलबाईंनी सांगितलं. ह्या बाई त्याच्या जोडीने काम करायच्या. तो फोन बघायचा, त्या कोर्ट बघायच्या. म्हणाल्या, "काका, ते फोन बिघडलेले नसतात. कुणाच्या नवऱ्याने, कुणाच्या साहेबाने त्यात गुपचूप पाळत ठेवायचं काहीतरी घातलेलं असतं. बाई कुठे गेली, कुणाशी बोलली, सगळं तिकडे कळतं. हा ते काढून देतो आणि पुन्हा कसं घालू द्यायचं नाही ते शिकवतो." शिवाय दोघांनी मिळून एका हॉस्पिटलवर खटला घातला होता. दारातल्या कॅमेऱ्यात येणाऱ्याजाणाऱ्याचा चेहरा साठवायचे आणि बाहेर विकायचे. कित्येक वर्षं भांडले, जिंकले. पेपरात बातमी आली, तिच्यात वकीलबाईंचा फोटो होता, ह्याचा नाही.

कसा असेल? फोटोवाल्याच्या पोटी आलेलं पोर, पण कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचं. माझ्या शोकेसमध्ये अर्धं गाव आहे, नवरानवरी, खेळाडू, जुळी बाळं, पण माझा मुलगा नाही. त्याचा शेवटचा फोटो शाळेच्या गणवेशातला, पुढचा दात पडलेला. "बाबा, चेहरा ज्याचा त्याच्या मालकीचा," म्हणायचा. "म्हणजे मी काय जन्मभर चोऱ्या केल्या?" असं विचारलं की हसायचा. हसायचा फार सुरेख.

१२ ऑगस्ट

आज एक बाई आली, बरोबर पाचेक वर्षांची चिमुरडी. मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. "मला आजच कळलं, काका," म्हणाली आणि रुमालात तोंड खुपसून रडली. मी पाणी दिलं. मग मीही रडून घेतलं. सोबत असली की रडायला बरं पडतं.

चिमुरडी तोवर लाकडी घोड्यावर स्वार झाली होती. लहान मुलांच्या फोटोसाठी ठेवलाय तो घोडा. मला म्हणाली, "ह्याचं नाव शहाणा आहे." मी चाट पडलो. ते नाव घुम्याने लहानपणी ठेवलेलं, घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. म्हणजे ही पोर इथे येत होती आणि त्याने तिला घोड्याचं नाव सांगितलं होतं. जो माणूस मला आज जेवायला घरी येणार की नाही हेसुद्धा सांगत नव्हता, त्याने!

डोक्यात एक किडा वळवळतोय. आज लिहीत नाही.

१९ ऑगस्ट

ती पुन्हा आली. लाँड्रीत इस्त्रीचं काम करते म्हणाली. कुठल्या लाँड्रीत विचारलं तर "इथेच, पलीकडे." मुलीचं नाव विचारलं, ते सांगितलं. मग मी त्या नावाने हाका मारमारून थकलो, पोरगी ढिम्म. घोडा दामटत बसली. आईने दटावलं, "अगं, आजोबा तुला हाक मारतायत," तेव्हा कुठे दचकून वळली. म्हटलं, कान दाखवून घ्या एकदा. बाई नुसती हसली.

बसण्याचीही तऱ्हाच. चांगली मऊ खुर्ची सोडून कोपऱ्यातल्या स्टुलावर, रस्त्याकडे पाठ करून. मी म्हटलं, पोरीचा एक फोटो काढतो, माझ्याकडून भेट. तर ताडकन उठलीच. "नको काका, तिला कॅमेऱ्याची भीती वाटते." जिला घोड्यावरून उतरवायला दोघं लागतात, तिला कसली आली भीती! ही सगळी घुम्याची तालीम.

आता लिहूनच टाकतो. ही माझी सून आहे. लग्न केलं होतं की नाही कोण जाणे, आणि ह्या वयात मला त्याचं काही वाटतही नाही. पण मान तिरकी करून बघायची त्या पोरीची सवय मी कुठे पाहिली आहे ते मला नको का कळायला? थोरली म्हणेल, बाबा, सुतावरून स्वर्ग गाठू नका. तिला अजून बोललेलो नाही. तो गेला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती, "एकटाच राहिला हो माझा भाऊ आणि एकटाच रस्त्यावर गेला. त्याला हसवणारं कुणीतरी होतं का, बाबा?" तिला सांगणार नाही, एकदम दाखवणार आहे.

बाईला सरळ का विचारत नाही? नाही म्हणाली तर, म्हणून.

२६ ऑगस्ट

एका संस्थेतून फोन आला. चिटणीस तरुण आहे, तोंडाचा गोड. लोकांच्या डिजिटल हक्कांसाठी आणि ऑनलाइन खासगीपणासाठी झटणाऱ्यांचा ते दरवर्षी सन्मान करतात. यंदा घुम्या आणि वकीलबाई. घुम्याचा मी स्वीकारायचा. मी म्हटलं, "बाबा रे, जरा माझ्या भाषेत सांग." तर म्हणाला, "काका, माणसाच्या घराचं दार त्याला न विचारता कुणी उघडू नये म्हणून जे राबले, त्यांचे आभार मानायचे आहेत." हे मला पटलं. माझं पोरगं काय करत होतं ते इतक्या सोप्या शब्दांत त्याने स्वतः कधी सांगितलं नाही, आणि मी तरी कधी नीट विचारलं होतं?

"त्यांचा एक फोटो तेवढा पाठवा. मोठ्या पडद्यावर लावू."

फोटो! गावाला फोटो पुरवणारा मी, दिव्याखाली अंधार तो हा. वकीलबाई म्हणाल्या, "काका, नुसतं नाव लावू दे. त्याला तेच आवडलं असतं." मी चिडलो. म्हटलं, तुम्हाला बापाचं काळीज काय कळणार. नंतर मला वाईट वाटलं, पण फोन करून सॉरी म्हणालो नाही.

३० ऑगस्ट

आज घडलं ते कसं लिहू.

रोलचा जुना कॅमेरा स्टुडिओत पडद्याआड उभा असतो. पुसायला घेतला तर आत रोल. मग आठवलं, उन्हाळ्यात त्याचं शटर अडकायचं, ते सोडवून मी चाचणीला म्हणून पडद्याआडून चारदा दाबलं होतं. समोर काय आहे तेही बघितलं नव्हतं. डार्करूममध्ये जाऊन रोल धुतला. बाकी सगळं कोरं, शटर पुन्हा अडकलं असणार, आणि एका चौकटीत घुम्या.

मागच्या खोलीच्या दाराशी उभा, बाह्या दुमडलेल्या, आणि हसतोय. तोंडभर, डोळे मिटायला आलेत. त्याच्या मागे मेकअपचा जुना आरसा आहे, आणि तो ज्यांच्याकडे बघून हसतोय ते आरशात उमटलंय: कोपऱ्यातल्या स्टुलावर ती, घोड्यावर ती पोर. आरशाचा पारा उडालाय, ठिपके पडलेत, पण ओळखीच्या माणसाला ओळखू यावं इतकं नक्कीच आहे.

मी आयुष्यात इतका चांगला फोटो काढलेला नाही. आणि मी कधी दोन फोटो जोडले नाहीत, वारलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात उभं केलं नाही. समोरच्या गल्लीतला माझा दोस्त, फोटोंवर हाताने रंग चढवणारा रंगवाला, ते करून द्यायचा, चांगलं करायचा, पण मी त्याला तोंडावर सांगायचो की हा खोटेपणा आहे. माझ्या कागदावर जे होतं तेच यायचं. म्हणूनच आज डार्करूमच्या फरशीवर बसून मी रडलो. माझं पोर एकटं नव्हतं, आणि हे मी म्हणत नाही, फोटो म्हणतोय.

२ सप्टेंबर

फोटो चिटणीसाला पाठवला. लगेच त्याचा फोन. भारावून गेला होता. मग म्हणाला, "काका, आरशात एक बाई आणि मुलगी दिसतायत. आमच्याकडे नियम आहे, फोटोतल्या प्रत्येकाची परवानगी लागते. त्यांना विचारलंय ना?"

तिला विचारायचं मनात आलं होतं. पण विचारलं की ती नको म्हणणार, आणि मला तर तिला पहिल्या रांगेत बसवायचं होतं. पडदा उजळला की तिचं तिला दिसावं आणि कळावं की आता लपायचं कारण नाही, हा म्हातारा तुला आपली म्हणतोय. उतावळा नवरा असतो म्हणतात, मी उतावळा सासरा.

"घरचीच माणसं आहेत," मी म्हटलं.

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला.

८ सप्टेंबर

संस्थेने फोटो जाहीर केला. त्यांच्या वेबसाइटवर आहे, पेपरातही आलाय. मी मोठी प्रत काढून शोकेसच्या मधोमध लावली. लोक थांबून बघतात. रंगवाला चष्मा सरकवत म्हणाला, "आरशाची कमाल केलीस लेका. दुकान बंद करायच्या वयात कला आली तुला." मी नुसता हसलो. गोष्ट पोटात ठेवायची मजा काय असते ते मला पहिल्यांदाच कळतंय.

तिची मात्र ह्या आठवड्यात फेरी नाही.

११ सप्टेंबर

चिटणीसाचा फोन. संस्थेत एका गृहस्थांनी चौकशी केली होती, फार अदबीने. आरशातली बाई आमच्या घरची वाटते, बरेच दिवस आमची ताटातूट झालीय, कुठे भेटेल? ह्याने सांगितलं, आम्हाला माहीत नाही, फोटो काढणाऱ्यांना विचारा, आणि कार्यक्रमाला या.

मला किती आनंद झाला. तिच्याही माणसांना तिची आठवण येतेय. माहेरचे असतील, रागावून दूर झालेले. घुम्याने जे जोडलं नाही ते मी जोडतोय म्हणायचं.

१२ सप्टेंबर

ती आली. दारातूनच तिला शोकेसमधला फोटो दिसला. मी हात पसरून म्हटलं, "ये, ये. कसा आहे? आणि ऐक, तुझ्या घरून कुणीतरी चौकशी करत होतं. गोड बोलणारे गृहस्थ आहेत म्हणे."

तिच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो. जन्मभर चेहरेच बघितले, पण असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. तिने पोरीला घोड्यावरून उचलून कडेवर घेतलं. पोर किंचाळली.

"कुठे कुठे दिलात हा फोटो?"

"पेपरात... आणि तिकडे, वेबसाइटवर. अगं, पण मी तुला..."

"काका, कुणाला विचारून?"

मी म्हणालो, "तू माझी सून आहेस. ही माझी नात आहे. मी काय आंधळा आहे?"

ती थांबली. तिला माझा राग यायला हवा होता. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, त्यापेक्षा राग परवडला असता. "तुमचा मुलगा माझा कोणी नव्हता, काका," म्हणाली. "ही तीन वर्षांची होती, तेव्हा हिला घेऊन मी घर सोडलं. आम्ही जाऊ तिथे तिचा बाप येऊन उभा राहायचा. माझ्या फोनमधून त्याला कळायचं. तुमच्या मुलाने ते थांबवलं. नवीन गाव, नवीन नाव, सगळं त्याने शिकवलं. पोरीला नवीन नावाला ओ द्यायलाही तोच शिकवत होता, ह्या घोड्यावर बसवून. कोणी नव्हता, तरी त्याने केलं."

मागच्या दाराने गेली. पोर माझ्याकडे बघत हात हलवत होती, तिला काही कळलं नव्हतं. मला कळलं, पण आत्ता.

१३ सप्टेंबर

वकीलबाई आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. संस्थेच्या वेबसाइटवरून त्यांनी फोटो काढायला लावलाय. "पण काका, ज्याला बघायचा होता त्याने बघितला."

"त्या दोघी कुठे आहेत?"

"विचारू नका."

"सुखरूप आहेत एवढं तरी..."

"काका, जे तुम्हाला माहीत नाही ते तुमच्याकडून कुणी काढू शकणार नाही. तो माणूस इथे येणार. दोन वेळा त्याने तिचा हात मोडलाय आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्यांना वाटलं, किती सज्जन आहे. तो तुमच्याशी फार चांगलं बोलेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते स्वतःचं. मी दुसऱ्याचा हात दाखवला. मोडलेला.

१५ सप्टेंबर

आला. निळा टाय, भांग नीट. पासपोर्ट फोटो काढायचा म्हणाला. त्याच आरशात बघून त्याने केस सारखे केले. मी कॅमेऱ्यातून बघत होतो. राक्षस दिसेल असं वाटलं होतं. शोकेसमध्ये लावावा असा साधा, सरळ चेहरा निघाला.

"तुमच्या मुलाचं ऐकून वाईट वाटलं, काका," म्हणाला. "तो फोटो बघितला आणि हललो. आरशातली बाई आमच्या मंडळींसारखी दिसते हो अगदी. मुलगीसुद्धा."

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "फसलात ना तुम्हीही?"

"म्हणजे?"

"जोडकाम आहे ते. बाई आणि मुलगी माझ्या जुन्या गिऱ्हाइकांतली, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. आता ती पोर स्वतः आई झाली असेल. मुलगा माझा एकटा गेला. बघवेना. म्हणून मीच आरशात दोन माणसं आणून बसवली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी हनुवटी खाली घ्या म्हणालो आणि बटण दाबलं. पैसे देताना हसून म्हणाला, "काका, पण हे बरं नाही. इतका मोठा सन्मान, लोक फोटो खरा समजतायत. तुम्ही कार्यक्रमात सांगणार असालच. मी येणार आहे ऐकायला. आणि मूळ निगेटिव्ह असेल ना? मला जुन्या कलाकारीचा शौक आहे, एकदा दाखवा."

"शोधून ठेवतो," मी म्हटलं.

तो कोपऱ्यावरून वळला तसं दार लावून घेतलं. निगेटिव्ह जोडलेलं नाही हे कुणीही जाणकार बघताक्षणी सांगेल. उजेडाला धरून एकदा बघितलं. उलट्या रंगातही हसत होता तो. मग डार्करूमच्या मोरीत जाळलं. शोकेसमधून त्या दिवशीच उतरवलेली प्रतही त्याच्यावर घातली. फार धूर होतो त्याचा, डोळे चुरचुरतात.

कुणालाही सांगितलेलं नाही, वकीलबाईंनासुद्धा नाही.

२० सप्टेंबर

कार्यक्रम झाला. चिटणीस म्हणाला होता, आरसा कापून नुसता त्यांचा चेहरा लावू. मी म्हटलं, काहीच लावू नका. पडदा पांढरा राहिला. आधी वकीलबाई बोलल्या, चांगलं बोलल्या. म्हणाल्या, आमच्या कामात यश आलं तर ते कुणाला दिसत नाही. एखादी बाई कुठेतरी बाजारातून भाजी घेऊन निवांत घरी जाते, एवढंच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घुम्यासाठीही होत्या त्या टाळ्या. त्या टाळ्यांतच मी वर गेलो.

खाली मधल्या रांगेत निळा टाय होता.

मी म्हटलं, "मी धंद्याने फोटोवाला. पेपरात आलेला माझ्या मुलाचा फोटो तुम्ही बघितला असेल. तो खोटा आहे. दोन निगेटिव्ह जोडून मी तो केला. माझ्या मुलाला बायको नव्हती, मूल नव्हतं, कुणी नव्हतं. बापाला ते सहन झालं नाही, म्हणून दुसऱ्याची माणसं आणून आरशात बसवली. ज्याने जन्मभर सांगितलं की चेहरा ज्याचा त्याच्या मालकीचा, त्याच्याच नावावर मी हे केलं. माफ करा." ह्यातलं शेवटचं मात्र खरं होतं.

सभागृहात कुणीतरी "अरेरे" म्हणालं. चिटणीसाने सन्मानचिन्ह माझ्या हातात देताना माझ्याकडे बघितलं नाही. वकीलबाईंनी मात्र बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

तो माणूस थोडा वेळ पांढऱ्या पडद्याकडे बघत बसला, मग उठून गेला. त्याला पटलं की नाही, मला ठाऊक नाही. ते मला कधीच कळणार नाही आणि कुणाला विचारायचंही नाही.

२५ सप्टेंबर

पेपरात आलं: खासगीपणाच्या सन्मानात बनावट फोटो. खाली माझा फोटो, सन्मानचिन्ह धरलेला. तोंड फिरवायचं मला सुचलं नव्हतं.

चिटणीसाने फोन केला. "काका, आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता." मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं." पोरगा चांगला आहे, त्याने विचारलं होतं.

रंगवाला आला. खुर्ची ओढून बसला. "जन्मभर मला शहाणपण शिकवलंस," म्हणाला, "आणि शेवटी आलास आमच्याच पंगतीला." खुशीत होता, मग माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं. "पण जोड कुठे दिसत नव्हता रे. मी भिंगाने बघितला होता."

"चांगला जोडला होता," मी म्हटलं.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. लग्नाच्या फोटोत व्याही दिसायला नकोत म्हणाले, तुम्हाला जमतंच ना आता. मी घेतलं काम.

२९ सप्टेंबर

ही वही आज जाळून टाकायची आहे. थोरली पुढच्या आठवड्यात येतेय, तिच्या हाती लागायला नको. माझीच लेक ती; बापाला खोटारडा म्हणणाऱ्या एकेकाला गाठून ती खरं काय ते सांगत सुटेल, आणि ते ज्याला ऐकायचंय तो ऐकेल.

दुपारी तिचाच फोन होता. पेपर तिनेही वाचलाय. रागावली नाही. "बाबा, मी असते तर मीही असंच केलं असतं," म्हणाली.

"बाबा, एक विचारू? त्या दोघी खोट्या, ते कळलं. पण त्याचं हसणं? ते तरी त्याचंच ना?"

"त्याचंच गं. ते कुठून आणणार दुसरं."

"असा हसलेला मी त्याला कधीच बघितला नव्हता." ती म्हणाली. "मग कुणाकडे बघून हसत होता हो तो?"

मी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं. शेजारी घोडा.

"कुणाकडेच नाही, बाळा," मी म्हटलं. "समोर कुणी नव्हतं."

ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून बसून राहिलो.